दया की देणे?

गेल्या नाताळापूर्वी आमच्या मंदिराला रंग देण्याचे काम चालू होते. परांची कोसळून एक रंगारी खाली आला. लोखंडी पाइपाखाली त्याचा उजवा अंगठा चेंगरला व डॉक्टरांना तो काढून टाकावा लागला. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी आवाहन केले, विशेष दानार्पण घेण्यात आले आणि सात हजार रुपये जमले. पंचकमिटीचे आम्ही चौघे त्याच्या घरी गेलो, प्रार्थना केली, पाकीट दिले आणि ठेकेदाराने लिहून आणलेल्या कागदावर त्याच्या डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. मिळालेल्या मदतीने समाधान झाले असून यापुढे कोणाकडेही काही मागणे नाही, असा त्यातील मजकूर होता. परत येताना आमची मने हलकी झाली होती. आज त्या हलकेपणाचीच आम्हांला लाज वाटते.

पुढच्या सभेत मंडळीतील एका वृद्ध बंधूंनी, ज्यांची स्वतःची दोन बोटे तरुणपणी फौंड्रीत गेली आहेत, एकच प्रश्न विचारला: "आपण त्याला दिले ते दया म्हणून, की देणे म्हणून?"

प्रश्न साधा दिसतो, पण त्यात पुष्कळ आहे. दया देणाऱ्याच्या मर्जीची असते. किती द्यावे व केव्हा द्यावे हे तोच ठरवतो, आणि घेणाऱ्याने आभार मानावेत अशी अपेक्षा ठेवतो. देण्याचे तसे नाही. ते मोजून आणि वेळेवर द्यावे लागते. वाण्याची उधारी फेडली म्हणून कोणी आपल्याला दानशूर म्हणत नाही.

आपल्या देशात कामगार नुकसानभरपाईचा कायदा 1923 साली झाला व 1 जुलै 1924 पासून अमलात आला. त्याची तत्त्वे 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतलेली आहेत. काम करीत असता व कामामुळे अपघात झाला तर मालकाने भरपाई द्यावी, मालकाची चूक सिद्ध करण्याचे ओझे कामगारावर नसावे, हे त्यांतील मुख्य सूत्र. नशा, बुद्धिपुरस्सर आज्ञाभंग, सुरक्षेचे साधन मुद्दाम काढून टाकणे हे अपवाद आहेत. थकवा, नजरचूक, पाय घसरणे हे अपवाद नाहीत. शिलोआमाचा बुरूज अठरा जणांवर पडला, तेव्हा ते इतरांहून अधिक दोषी होते काय, असे प्रभूने विचारले (लूक 13:4). आम्ही मात्र "त्यानेच लक्ष द्यायला हवे होते" असे किती सहज म्हणून गेलो!

कायद्याच्या परिशिष्टात शरीराचा हिशेब मांडलेला आहे. अंगठा गेला तर कमाईची शक्ती 30 टक्क्यांनी गेली असे धरायचे, तर्जनी गेली तर 14 टक्क्यांनी. देवाच्या प्रतिरूपाने निर्माण केलेल्या मनुष्याचा असा दर ठरवावा काय, असे वाचणाऱ्याला वाटेल. आम्हांलाही वाटले. पण हिशेब नसला म्हणजे काय होते ते आम्ही पाहिले आहे: सात हजार रुपये होतात. चाळीस वर्षे वयाच्या, महिना 15,000 रुपये मजुरीच्या माणसाचा हिशेब त्या नियमाने केला, तर मजुरीच्या 60 टक्क्यांना त्या वयाच्या 184.17 ह्या आकड्याने गुणून त्याचे 30 टक्के, म्हणजे 4,97,259 रुपये होतात. आणि हक्क सोडल्याचा कागद? तसला करार कायदा मुळीच मानीत नाही. पाकिटाबरोबर कागदही नेला जातो, हे कायदा करणाऱ्यांना आधीच ठाऊक असावे.

शास्त्रातही हा विचार नवा नाही. उघडा ठेवलेल्या खड्ड्यात दुसऱ्याचे जनावर पडले तर खड्ड्याच्या धन्याने भरून द्यावे (निर्गम 21:33-34). नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, म्हणजे कोणी पडून त्याच्या रक्ताचा दोष घरावर येणार नाही (अनुवाद 22:8). येथे दयेचा उल्लेखच नाही. घर ज्याचे, जबाबदारी त्याची.

मग दयेला जागा कोठे? उपकारी शोमरोन्याने दोन दीनार दिले ती दया होती, कारण त्या वाटसरूला त्याने जखमी केले नव्हते. तेच दोन दीनार एखाद्या लुटारूने परत येऊन दिले असते, तर त्याला आपण दया म्हटले असते काय? जक्कयाने हा भेद ओळखला होता. अर्धे धन गरिबांना, आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट (लूक 19:8). त्याने दोन खाती वेगळी ठेवली. आम्ही ती एकत्र केली, आणि देणे दयेच्या खात्यात घातले.

कोणी म्हणेल, कायद्याने जबाबदारी ठेकेदाराची, मंडळीची नव्हे. असेलही. पण तीन दरपत्रके आली होती आणि आम्ही सर्वांत कमी दराचे स्वीकारले. त्या दरात मजबूत परांची, कमरेचा पट्टा व विमा बसत नव्हते, आणि आम्ही विचारलेही नाही. जे पैसे वाचले म्हणून वार्षिक सभेत टाळ्या झाल्या, ते कोणाच्या अंगठ्यातून वाचले? ठेकेदारही लहान मनुष्य आहे, कर्जात आहे. म्हणूनच काम सुरू होण्यापूर्वी विमा पाहणे हे आमचे कर्तव्य होते. अपघातानंतर प्रार्थना करणे सोपे असते.

तो कागद आम्ही फाडून टाकला आहे. ते वृद्ध बंधू रंगाऱ्याला घेऊन कचेरीत गेले व अर्ज दाखल झाला. निकाल यावयाचा आहे. दरपत्रकात वाचलेली रक्कम त्याला पोहोचवण्याचे कमिटीने ठरवले. ती कोणत्या सदरात दाखवावी, असे खजिनदारांनी विचारले. "गरीब फंड" असे कोणीतरी म्हणाले. थोडा वेळ सर्व गप्प होते. मग "देणे" असे लिहिण्यात आले.

कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती हाक सेनाधीश प्रभूच्या कानी जाते, असे याकोब सांगतो (5:4). आपल्या मंदिराच्या भिंती नुकत्या रंगवल्या असतील, तर बंधुभगिनींनो, त्या कोणी रंगवल्या आणि तो सुखरूप घरी गेला काय, एवढे तरी आपण विचारू या.