उतारशाळेचा हिशेब

एकाच शस्त्रक्रियेचे दोन दर असतात : एक रुग्णालयाच्या दरपत्रकावरचा, दुसरा शासकीय योजनेने ठरविलेला. २०१८ साली सुरू झालेली आयुष्मान भारत योजना पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते. रुग्णालयास मात्र ठरावीक रक्कमच मिळते. ती खर्चास अपुरी पडली, तर गरिबाला खाट मिळणे अवघड होते. आणि ज्याच्यापाशी ना कार्ड, ना विमा, त्याच्या माथी पूर्ण दर येतो. ज्याच्या वतीने बोलणारा कुणी नाही, त्यानेच सर्वाधिक भरावे, हा न्याय आम्हांला मान्य नाही.

चांगल्या शोमरोन्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार दिले आणि अधिक लागेल ते परतताना फेडण्याचा शब्दही दिला. पुरेसा शब्द देणे हा शासनाचा, म्हणजे आम्हा करदात्यांचा धर्म. दार उघडे ठेवणे हा आमच्या मिशन रुग्णालयांचाही.