प्रायश्चित्तकाळ संपल्यावर

प्रायश्चित्तकाळाच्या सुमारास हिंगोली-वसमत भागात हळदीची काढणी आणि शिजवणी ऐन भरात असते. शिजलेली हळद उन्हात पसरतात. ती खडखडीत वाळली की ओल्या हळदीच्या जेमतेम पाचव्या हिश्शाइतके वजन उरते. त्याच दिवसांत आमच्या घरांतूनही वजन उतरविण्याचे संकल्प होतात. हळदीचे उतरलेले वजन परत येत नाही; आमचे मात्र ईस्टरच्या जेवणावळी संपेपर्यंत परत आलेले असते. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही शेजाऱ्यांची म्हण आम्हांलाही लागू पडते!

ख्रिस्तसभेने सक्तीचा उपवास दोनच दिवस सांगितला आहे, राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार; तोही १८ वर्षे पूर्ण झालेल्यांपासून ६०वे वर्ष लागेपर्यंतच्यांना. तो पश्चात्तापासाठी आहे, कमरेच्या घेरासाठी नव्हे. मग प्रार्थनेच्या आडून आम्ही वजनकाट्याचे व्रत करीत असलो, तर ते अप्रामाणिकपणाचे ठरेल काय?

देहाची निगा राखण्यात गैर काही नाही. संत पौलाने देहाला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हटले आहे. आमची चूक निराळीच असावी. पोप संत ग्रेगरी यांनी खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले: वेळेआधी खाणे, भारी पदार्थांचा हव्यास, जिभेचे चोचले, अति खाणे आणि अधाशीपणाने खाणे. पाचांपैकी एकच परिमाणाचा. उरलेले चारही रोजच्या वळणाचे दोष आहेत, आणि संत थॉमस अक्वायनस सद्गुणालाही अंगी मुरलेले वळणच मानतात. आजचे डॉक्टर तरी वेगळे काय सांगतात? वेळेवर, साधे, सावकाश जेवा; रोज चाला. ७० किलो वजनाच्या माणसाने ७ किलो कमी केले तरी रक्तदाब व साखर यांना उतार पडू शकतो. पण आठवड्याला अर्धा किलो या हिशेबाने त्याला १४ आठवडे लागतील. चाळीस दिवस पुरत नाहीत.

अर्थात स्थूलता म्हणजे पाप नव्हे. वय, आजार, औषधे, आनुवंशिकता यांचाही त्यात वाटा असतो. आणि मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचा सडपातळपणा ही काही तिची तपश्चर्या नाही.

तिची आठवण आली की आमचा हिशेब अडतो. उपवासात वाचलेले अन्न गरिबांचे, ही ख्रिस्तसभेची जुनी शिकवण आहे. म्हणून प्रायश्चित्तकाळात आम्ही घरी दानपेटी ठेवतो आणि ईस्टरला ती चर्चमध्ये परत देतो. साधे जेवण वर्षभराचे झाले, तर पेटीही वर्षभर घरी ठेवावी लागेल. त्याला आम्ही अजून तयार झालेलो नाही.