कवीचे नाव आणि उद्यानाची भूमी

सार्वजनिक जागेला कवीचे नाव देणे ही वरकरणी कृतज्ञतेची कृती होय. परंतु कृतज्ञतेचीही एक नीती असते. ज्याच्याविषयी ती व्यक्त करावयाची त्याचे म्हणणे ऐकून घेणे, ही तिची किमान अट. ग्रंथ वाचकाकडून काही मागतो. उद्यान कोणाकडूनही काही मागत नाही. कवीची एकही ओळ न वाचता नागरिक त्याच्या नावाच्या सावलीत आयुष्यभर फिरू शकतो. तेव्हा प्रश्न असा उपस्थित होतो की, वाचनाविना केलेला गौरव हा गौरव ठरतो, की कवीला निरुपद्रवी करण्याची ती एक सभ्य रीत असते?

युक्रेनमधील द्नीप्रो शहरात, द्नीपर नदीच्या उंच काठावर असलेले तारास शेव्चेन्को उद्यान हा प्रश्न विशेष तीव्रतेने समोर आणते. अठराव्या शतकाच्या अखेरीस ही भूमी पोत्योम्किनची बाग होती. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त होऊन पुन्हा उभारलेला त्याचा प्रासाद आजही तेथेच आहे. पोत्योम्किन हा रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरिन हिचा कारभारी. शहराचे येकातेरिनोस्लाव हे जुने नाव तिच्याच कीर्तीचे द्योतक होते, आणि तिच्याच राजवटीत, १७७५ मध्ये, झापोरोझियन कोसॅकांचे 'सिच' हे सत्ताकेंद्र मोडून टाकण्यात आले. शेव्चेन्को १८१४ मध्ये भूदासाच्या कुटुंबात जन्मला. १८३८ मध्ये अडीच हजार रूबल मोजून त्याला मुक्त करण्यात आले. 'स्वप्न' (१८४४) या काव्यात त्याने पीटर आणि कॅथरिन या दोघांवरही प्रखर आरोप ठेवला. १८४७ मध्ये त्याला सैनिक म्हणून हद्दपार करण्यात आले व लेखन-चित्रणाची बंदी झाली. अशा कवीचे नाव पोत्योम्किनच्या बागेला मिळावे, हा इतिहासाने केलेला न्याय वाटणे स्वाभाविक आहे.

तथापि हे नामकरण सोव्हिएत काळातील आहे, हे लक्षात घेतले की न्यायाची ही कल्पना डळमळते. सोव्हिएत समीक्षेने शेव्चेन्कोला 'क्रांतिकारी लोकशाहीवादी' ठरविले. त्याचा झारशाहीविरोध तिने उचलून धरला. साम्राज्यविरोध मात्र तिला अडचणीचा होता. कवीची संहिता एकच असली तरी तिच्यातील कोणते स्वर ऐकू यावेत याची निवड सत्ता करीत असते. या शहराच्या दक्षिणेस द्नीपरचे प्रसिद्ध धबधबेवजा खळाळ होते. १९३२ मध्ये पूर्ण झालेल्या झापोरिझ्झ्याच्या धरणामुळे ते पाण्याखाली गेले. ज्या कवीने या नदीची गर्जना काव्यात जपली, त्याचे नाव काठावर लागले आणि गर्जना बुडाली. हा योगायोग मानला, तरी गौरव आणि मौन एकाच राजवटीत सुखाने नांदू शकतात, हे त्यातून दिसते.

म्हणून नामकरण म्हणजे केवळ अपहरण, असा निष्कर्ष काढावा काय? तो घाईचा ठरेल. नाव हे एक चिन्ह आहे, आणि चिन्हाचा अर्थ ते देणाऱ्याच्या ताब्यात कायम राहत नाही. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विसर्जित झाला. उद्यानावरचे नाव तेच राहिले, अर्थ पालटला. २०२२ च्या रशियन आक्रमणानंतर ते प्रतिकाराचे नाव म्हणून वाचले जाऊ लागले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये याच शहरातील पुश्किनचा पुतळा हटविण्यात आला. साम्राज्याने पुश्किनला ध्वजासारखे वापरले होते, हे खरे. त्यामुळे हटविणाऱ्यांची वेदना समजण्याजोगी आहे. पण तर्काची सुसंगती अशी मागणी करते की, एका कवीला ध्वज करणे दोषास्पद असेल तर दुसऱ्याला ध्वज करतानाही तोच दोष तपासावा. पीडितांचा ध्वज आणि आक्रमकाचा ध्वज यांत नैतिक अंतर मोठे आहे. कविता मात्र दोन्हीकडे न वाचलेली राहू शकते.

या प्रश्नाचे उत्तर शेव्चेन्कोच्याच 'मृत्युपत्र' (१८४५) या कवितेच्या रचनेत सापडते. तेथे कवी द्नीपर दिसेल, ऐकू येईल अशी उंच जागा मागतो. १८६१ मध्ये पीटर्सबर्गला पुरलेला त्याचा देह त्याच वर्षी कानीवच्या टेकडीवर आणून ती मागणी पूर्ण करण्यात आली. पण कविता तेथे थांबत नाही. जागेच्या मागणीनंतर बेड्या तोडण्याची मागणी येते आणि स्मरणाची विनंती सर्वांत शेवटी, मुक्त समाजाला उद्देशून. स्मरणाआधी काय घडले पाहिजे, हे कवीने स्वतःच क्रमाने सांगून ठेवले आहे.

नदीकाठ, वृक्ष, पुतळा या गोष्टी त्या मागणीचा पहिला, सर्वांत सोपा भाग पुरवितात. उरलेल्या भागाचे ऋण नावाने फिटत नाही. उलट नाव ते ऋण नोंदवून ठेवते. उद्यानाचे समर्थन करावयाचे तर एवढ्याच आधारावर करता येईल की, न वाचणाऱ्या समाजातही ही नोंद पुसली जात नाही, आणि कधीतरी एखादा फिरायला आलेला वाचक ती वसूल करू शकतो.