अंगठा झिजला, तर आई कोण?

आज गीतेचा १३ वा अध्याय वाचला. शरीर हे क्षेत्र. त्याला जाणणारा क्षेत्रज्ञ वेगळा.

२०१० मध्ये नंदुरबारच्या टेंभलीतून आधार सुरू झालं. कल्पना करा, अजून २० वर्षांनी घराचं दार, बस, दवाखाना, सगळं बोटावरच चालतंय. आणि आई दाराबाहेर उभी. भांडी घासून, धुणी धुऊन तिच्या बोटांवरच्या रेषा झिजल्यात. मशीन म्हणतं, ‘जुळत नाही.’

मी सॉफ्टवेअरवाला. रेषा कुठे संपतात, कुठे फुटतात, मुख्यतः हेच मशीन ताडून बघतं. किती जुळलं की पुरे, हे माझ्यासारखाच कुणीतरी ठरवतो. कडक ठेवलं तर आई बाहेर, सैल ठेवलं तर चोर आत. चूक टळणार नाहीच.

पण मशीनला दिसतं ते क्षेत्र. ते झिजणारच, आणि आईचं तर कष्टाने झिजलंय. त्याचीच तिला शिक्षा झाली, तर तो अधर्म. म्हणून ‘जुळत नाही’ हा शेवटचा शब्द नसावा. त्यानंतर कुणीतरी जवळ येऊन विचारावं, “काय झालं, मावशी?”

आज कुणाला ‘नियमात बसत नाही’ म्हणण्याआधी आपणही एवढं विचारूया.

जय हरी!