स्वामी आणि वहिवाटदार

मालकी म्हणजे काय, हा प्रश्न आम्हा वकिलांपुढे नित्य येतो; परंतु त्याचे सर्वांत मार्मिक रूप मला न्यायालयात नव्हे, तर एका दिवाणखान्यात पाहावयास मिळाले. श्रावणातील एका सोमवारी फोंड्याजवळच्या एका परिचित कुटुंबाकडे गेलो होतो. घरच्या वृद्ध माई टीव्हीसमोर बसून स्थानिक वाहिनीवरील कीर्तनाची वाट पाहत होत्या. टीव्ही लागला होता, पण पडदा रिकामा होता. माईंच्या हातात एकच रिमोट होता. मे महिन्यात सुटीवर आलेल्या मुलाने टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि नव्याने आणलेला होम थिएटरचा रिसीव्हर ही तिन्ही यंत्रे एका कळीने चालावीत, म्हणून तो मोठ्या हौसेने तयार करून दिला होता. जुने तीन रिमोट कोणत्या कपाटात गेले, ते त्यालाच ठाऊक. दुपारी वीज जाऊन परत आली होती, आणि तेव्हापासून ती कळ उलटेच वागू लागली होती.

माईंनी मुलाला फोन लावला. "अरे बाबू, टीव्ही लागलाय, पण कीर्तन काही दिसत नाही." त्याने दुरून एकामागून एक उपाय सांगितले. अर्धा तास गेला. तिकडे कीर्तन संपले. शेवटी माई हसून म्हणाल्या, "बाबू, हा टीव्ही माझा की रे तुझा?"

प्रश्न थट्टेत विचारलेला होता. पण परतताना तो माझ्याबरोबर आला. पावती माईंच्या नावाची, पैसे त्यांच्या निवृत्तिवेतनातले, भिंत त्यांच्या घराची. आणि तरीही त्या यंत्रावर त्यांची सत्ता चालत नव्हती. मग मालकी राहते तरी कोठे? पावतीत, हातात, की ज्ञानात?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी त्या लहानशा पेटीत काय दडलेले असते, ते पाहिले पाहिजे. अमेरिकेत १९५६ साली झेनिथ कंपनीसाठी रॉबर्ट ॲडलर यांनी सिद्ध केलेल्या दूरनियंत्रकात ॲल्युमिनियमच्या कांड्यांवर लहानसा हातोडा आपटे, आणि मानवी कानाला न ऐकू येणारा त्यांचा नाद टीव्हीला आज्ञा देई. त्याला विजेचा घटही लागत नसे. पुढे नादाची जागा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाने घेतली. रिमोटच्या टोकाचा दिवा बहुधा सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा लुकलुकतो, आणि त्या लुकलुकण्याच्या लहानमोठ्या तुकड्यांतून आज्ञा घडते. एनईसी या जपानी कंपनीच्या पद्धतीत प्रथम ९ मिलिसेकंदांची झळक, मग ४.५ मिलिसेकंदांची शांतता, आणि त्यानंतर ३२ खुणा येतात: आधी ज्या यंत्राशी बोलावयाचे त्याचा पत्ता व त्या पत्त्याची उलट प्रत, मग आज्ञा व तिचीही उलट प्रत. फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीत खुणा १४ आणि लुकलुकण्याची गती ३६,०००. प्रत्येक घराण्याची बोली वेगळी. म्हणून यंत्रे जितकी, तितके रिमोट.

या गोंधळावर उपाय म्हणून युनिव्हर्सल रिमोट जन्मास आला. ॲपल संगणकाचे एक जनक स्टीव्ह वॉझ्निअॅक यांनी १९८७ साली 'कोअर' नावाचा असा एक नियंत्रक बाजारात आणला होता. दुसऱ्या रिमोटच्या आज्ञा ऐकून त्या लक्षात ठेवण्याची शक्ती त्यात होती. पुढचे पुष्कळसे युनिव्हर्सल रिमोट अनेक कंपन्यांच्या बोलींची कोष्टके पोटात घेऊनच विक्रीस येऊ लागले. ग्राहकाने आपल्या यंत्राचा काही अंकी संकेत दाबला, की त्या कोष्टकातील योग्य पान उघडते.

पण घरात नवे यंत्र आले आणि त्याचे पान कोष्टकात नसले, तर काय करावे? एक मार्ग सोपा आहे. दोन रिमोट समोरासमोर धरावेत आणि जुन्याने नव्याला एकेक कळ शिकवावी. दुसरा मार्ग अधिक धाडसाचा. युनिव्हर्सल इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने बनविलेल्या पुष्कळ रिमोटांत घटांच्या कप्प्याशी सहा पिनांची एक जोडणी असे, आणि आतल्या पट्टीवर तिच्याजवळ 'जेपी-१' अशी अक्षरे छापलेली असत. ग्राहकासाठी ती ठेवलेली नव्हती; माहितीपत्रकात तिचा उल्लेख नसे. जिज्ञासू हौशी मंडळींनी तिच्यातून रिमोटची मेमरी संगणकावर वाचली, तिची रचना उलगडली आणि तीत नव्या यंत्रांची पाने स्वतः लिहून घातली. एका कळीखाली अनेक आज्ञांची माळ ओवावी, निरुपयोगी कळीला नवे काम द्यावे, हेही त्यांना साधले. त्यांनी हे ज्ञान विकले नाही, एकमेकांस दिले.

त्यांच्या शोधांतील एक गोष्ट मला विशेष विचारप्रवर्तक वाटते. पुष्कळ यंत्रांच्या रिमोटवर चालू-बंद करण्याची कळ एकच असते: यंत्र बंद असेल तर ती चालू करते, चालू असेल तर बंद. परंतु त्यांतील कित्येक यंत्रांना 'केवळ चालू हो' आणि 'केवळ बंद हो' अशा दोन वेगळ्या आज्ञाही समजतात. त्या आज्ञांची कळ मात्र मालकाच्या हातातील रिमोटवर दिलेलीच नसते. म्हणजे सेवकाला जी आज्ञा कळते, ती देण्याचे साधनच धन्याला दिलेले नाही! माईंच्या घरी नेमके हेच घडले होते. वीज परत आल्यावर सेट-टॉप बॉक्स आपोआप सुरू झाला. टीव्ही आणि रिसीव्हर बंद राहिले. माईंनी ती कळ दाबताच दोन यंत्रे चालू झाली आणि तिसरे बंद पडले. पुन्हा दाबताच उलट झाले. असा रिमोट केवळ बोलतो, ऐकत नाही. आपली आज्ञा पाळली गेली की नाही, हे त्याला कधीच कळत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपल्या परंपरेत स्वत्वाची, म्हणजे मालकीची चर्चा फार सूक्ष्म झालेली आहे. मिताक्षराकार विज्ञानेश्वरांनी प्रश्न उपस्थित केला, की स्वत्व शास्त्राने कळते की लोकव्यवहाराने? त्यांनी कौल दिला तो लोकव्यवहाराच्या बाजूने. मग लोकव्यवहारात एखादी वस्तू 'माझी' असते ती कशाने? वस्तूचा यथेष्ट विनियोग करण्याची पात्रता म्हणजेच स्वत्व, असे एक उत्तर होते. नव्यन्यायाचे आचार्य रघुनाथ शिरोमणी यांनी ते नाकारले आणि स्वत्व हा स्वतंत्र पदार्थच मानला. त्यांच्या आक्षेपाचा रोख असा, की परक्याचे अन्नही आपल्याला खाता येते. खाता येते म्हणून ते आपले होत नाही.

रिमोटच्या बाबतीत हा आक्षेप अक्षरशः खरा ठरतो. अवरक्त प्रकाश आज्ञा देणाऱ्याचे नाव विचारीत नाही. बोली जुळली, की यंत्र कोणाचीही आज्ञा पाळते. मिच ऑल्टमन या अमेरिकन गृहस्थांनी २००४ साली किल्ल्यांच्या जुडग्याला अडकविता येईल असा एक लहानसा नियंत्रक विक्रीस आणला. तो अनेक कंपन्यांच्या 'बंद' आज्ञा एकामागून एक सोडतो आणि उपाहारगृहातील वा प्रतीक्षागृहातील टीव्ही बंद पाडतो. गोंगाटाला कंटाळलेल्यास त्याचे हसू येईल. पण तो टीव्ही त्याचा नव्हे. शक्ती आली म्हणून स्वत्व आले नाही. उलट माईंच्या घरी स्वत्व होते आणि शक्ती नव्हती. मालकी आणि शक्ती या दोन गोष्टी एकमेकींवाचून राहू शकतात, हे शिरोमणींचे म्हणणे या क्षुद्र पेटीने दोन्ही बाजूंनी सिद्ध केले.

मग शक्तीवाचूनच्या मालकाने काय करावे? आपली वस्तू उघडून तिला नवी आज्ञा शिकविण्याचा त्याला अधिकार आहे काय? उत्पादकाची बाजूही ऐकली पाहिजे. त्याने बुद्धी आणि भांडवल ओतून यंत्र घडविले. त्याच्या आतील रचनेवर त्याचा काहीच हक्क उरत नाही, असे म्हणणे अन्याय्य होईल. त्या रचनेची नक्कल करून विकणे ही चोरीच. पण विकत घेतलेल्या वस्तूशी बोलणे म्हणजे नक्कल नव्हे. अमेरिकेत चेंबरलेन कंपनीने गॅरेजचे दार उघडणाऱ्या आपल्या यंत्राला चालणारा युनिव्हर्सल रिमोट विकल्याबद्दल स्कायलिंक कंपनीवर खटला भरला होता. आमच्या आज्ञांच्या कुलपाला बगल दिली, असा १९९८ च्या कायद्याखालील तिचा आरोप होता. ३१ ऑगस्ट २००४ रोजी तेथील फेडरल सर्किट न्यायालयाने तो अमान्य केला. त्या कायद्याने उत्पादकाला कोणतीही नवी मालमत्ता दिलेली नाही, आणि विकत घेतलेल्या यंत्रातील आज्ञावली वापरण्याचा ग्राहकाचा हक्क त्याने हिरावून घेतलेला नाही, असा त्या निकालाचा आशय होता. आपल्याकडील १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमातही १९९९ च्या दुरुस्तीने अशी तरतूद आली, की आज्ञावली कायदेशीरपणे बाळगणाऱ्याने, स्वतंत्रपणे रचलेली दुसरी आज्ञावली तिच्याशी जुळवून घेण्यास अवश्य असलेली माहिती अन्यथा सहज मिळत नसेल, तर ती मिळविणे हे उल्लंघन ठरत नाही. २०१२ साली आलेले ६५-अ हे कलमही तांत्रिक कुलूप तोडणाऱ्यास शिक्षा सांगते ती त्याचा हेतू हक्कभंगाचा असेल तर. आपल्याच घरातील रिसीव्हरचा आवाज वाढवू पाहणाऱ्याचा हेतू तसा कसा म्हणता येईल?

कायद्याचा कल असा गृहस्थाच्या बाजूचा आहे. परंतु येथे थांबलो, तर माईंच्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. त्यांच्यावर जी सत्ता चालली, ती कोणा कंपनीची नव्हतीच. ती त्यांच्या पोटच्या मुलाची होती. कंपनीने दडविलेले ज्ञान त्याने स्वकष्टाने मिळविले, हे कौतुकास्पदच आहे. पण मिळविलेले ते ज्ञान त्याच्या डोक्यातच राहिले, आणि कंपनीच्या रिकाम्या झालेल्या आसनावर नकळत तो स्वतः बसला. माईंच्या दृष्टीने धनी बदलला, पारतंत्र्य तेच राहिले. किंबहुना थोडे वाढले, कारण पूर्वी निदान तीन रिमोट हाताशी असत.

देवस्थानाशी ज्यांचा संबंध आहे, त्यांना यातील नीती वेगळी समजावून सांगावयास नको. देवाची जमीन, देवाचे दागिने देवाच्या मालकीचे असतात. १९२५ साली मलिक कुटुंबाच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने देवतेला कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्तित्व असल्याचे मान्य केले. परंतु देव स्वतः खंड वसूल करीत नाही, की तिजोरी उघडीत नाही. ते काम महाजन वा वहिवाटदार करतात. सर्व शक्ती त्यांच्या हाती, स्वत्व मात्र कणभरही नाही. म्हणूनच आपल्या रीतीने वहिवाटदारावर बंधने घातली: हिशेब लिहून ठेवावा, तो मागेल त्या महाजनाला दाखवावा, तिजोरीची किल्ली शक्यतो एकाच्याच कमरेला नसावी. वहिवाटदार लबाड आहे असे गृहीत धरून हे नियम झाले नाहीत. ज्याची वस्तू आहे त्याला स्वतः बोलता येत नाही, तेथे प्रामाणिक माणसालाही हिशेबाची गरज असते, हे जाणून ते झाले.

घरातील जो जाणता आपल्या माणसांसाठी यंत्र नव्याने जुळवितो, तो त्यांचा वहिवाटदारच आहे. यंत्र उघडण्याचा त्याचा हक्क मालकाकडून आलेला आहे. म्हणून हिशेब देण्याचे कर्तव्यही त्याच हक्काबरोबर येते. कोणती कळ काय करते, ती बिघडली तर काय करावे, हे घरच्या भाषेत लिहून ठेवावे. जुने रिमोट नावे लावून हाताशी असू द्यावेत. आणि घरातील आणखी एकाला तरी सारे शिकवावे. ज्या चातुर्याचा हिशेब देता येत नाही, ते घरात न आणलेलेच बरे. आज आपल्या वडीलधाऱ्यांचे बँकेचे व्यवहार, औषधांची मागणी, देवदर्शनाची नोंदणीसुद्धा मुलानातवंडांच्या बोटांतून होते, तेव्हा हा नियम टीव्हीपुरता राहत नाही. प्रेमाने केलेल्या सोयीतूनच माणूस स्वतःच्या घरात पाहुणा होऊ शकतो.

चतुर्थीला तो मुलगा घरी आला, तेव्हा माईंचा प्रश्न मी त्याच्यापुढे ठेवला. तो रागावला नाही, विचारात पडला. दोन दिवस खटपट करून त्याने 'केवळ चालू' आणि 'केवळ बंद' या आज्ञा शोधून काढल्या. सुदैवाने तिन्ही यंत्रांना त्या समजत होत्या. आता वीज कितीही वेळा गेली, तरी एक कळ सर्व काही चालू करते आणि दुसरी सर्व काही बंद. जुने तीन रिमोट कपाटातून निघून नावाच्या चिठ्ठ्यांसह टीव्हीखालच्या खणात आले. आणि एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत सात ओळी लिहून तो त्याने भिंतीला टांगला. माईंनी चष्मा लावून त्या सातही ओळी वाचल्या, पाचवीतील एक शब्द कळत नाही म्हणून बदलून घेतला, आणि मग रिमोट हाती घेतला.