सौंदर्याचे मोल

आपले घर सुंदर असावे, असे कोणाला वाटत नाही? परंतु ते सौंदर्य कोणाच्या श्रमातून आले आणि त्या श्रमाचे योग्य मोल आपण दिले का, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो.

इंग्लंडमधील कलावंत-कारागीर विल्यम मॉरिस (१८३४–१८९६) याला हा प्रश्न सतत छळीत राहिला. १८६१ साली त्याने मित्रांसह एक व्यवसाय काढला. चर्चच्या खिडक्यांच्या रंगीत काचांपासून घरातील खुर्च्या व पडद्यांपर्यंत अनेक वस्तू तेथे तयार होत. केल्म्सकॉट येथील त्याच्या परसबागेत कस्तुर पक्षी स्ट्रॉबेरी पळवीत. या चोरांनाच त्याने १८८३ साली कापडावर अमर केले. ते सुती कापड प्रथम निळीत रंगवीत. मग लाकडी ठशांनी नक्षीपुरती नीळ उडवून त्या जागी तांबडा व पिवळा रंग भरीत. या कामाला कित्येक दिवस लागत. साहजिकच ते कापड महाग पडे.

येथेच खरा पेच आहे. कला सर्वांसाठी असावी, असे मॉरिस व्याख्यानांतून सांगे. त्याच्या वस्तू मात्र बहुधा श्रीमंतांच्याच दिवाणखान्यांत जात. मग कारागिराची मजुरी कापून माल स्वस्त करावा काय? मॉरिसला ते मान्य नव्हते. दोष कारागिराच्या मजुरीत नसून समाजाच्या घडीत आहे, या विचाराने तो त्याच १८८३ साली समाजवादी चळवळीत उतरला.

आम्हांला हे दूरचे वाटू नये. गेल्या उन्हाळ्यात एक वृद्ध कारागीर आमच्या जुन्या खुर्च्या वेताने विणून देण्यास आला. ओटीवर बसून त्याने दोन दिवस काम केले. त्याच्या मजुरीत घासाघीस करून आम्ही पन्नास रुपये कमी केले. त्याच आठवड्यात प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या, तेव्हा छापील किमतीपुढे आमचे तोंड उघडले नाही. यंत्रापुढे आम्ही नम्र, हातापुढे कठोर!

सामान्य कुटुंबाला हातकामाच्या अनेक वस्तू परवडणार नाहीत, हे खरे. मग एकच घ्यावी, पण पुरे मोल देऊन घ्यावी. उरलेली शोभा आपल्याच हातांनी निर्माण करावी. जुन्या लुगड्यांची गोधडी, जास्वंदीचे कुंपण, विहिरीकाठचा मोगरा यांना पैसा थोडा लागतो. वेळ व माया मात्र भरपूर लागते.

त्या वेताच्या खुर्च्या आजही ओटीवर आहेत. विणीत एकही दोष नाही. तो कारागीर पुन्हा दारी आला, तर त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी आणि मागचे पन्नास रुपयेही त्याच्या हाती ठेवावेत, एवढे आम्ही ठरविले आहे.