पट्टी कोणासाठी धरावी?

ज्याला सूर नाही त्याने भजनात गावे, की नुसता टाळ धरावा? बारामती-इंदापूरकडे कीर्तनाला जाणे होते, तेव्हा गावच्या भजनी मंडळांतील माळकरी हा प्रश्न कळकळीने विचारतात. प्रश्न गाण्याचा दिसतो, पण आहे तो अधिकाराचा.

आधी शास्त्राची रीत पाहू. सोमयागात साम उद्गाता गातो. प्रस्तोता व प्रतिहर्ता त्याच्या जोडीला असतात. हे ऋत्विज दक्षिणेचे धनी, फळाचा धनी यजमान. गाणारा एक आणि लाभ दुसऱ्याला, ही व्यवस्था मीमांसकांना मान्य आहे. तेथे यजमानाचा गळा कसा का असेना, काही अडत नाही. भजनात मात्र प्रत्येकजण आपला आपणच उद्गाता, आपणच यजमान. माझ्या वाटचे नाम दुसऱ्याने घ्यावे, अशी सोय संतांनी ठेवलीच नाही. मग ‘तू बेसूर, गप्प बस’ असे कोणी कोणाला म्हणावे?

गवयाची बाजूही खोटी नाही बरे का. एकाचा सूर सुटला की शेजारच्या चौघांचा सुटतो, चाल मोडते आणि ज्याचे चित्त नुकते कुठे लागत होते तो बिचारा भानावर येतो. चौघांचे चित्त मोडून आपला हक्क गाजवणे हाही अधर्मच. पण मी पुढे विचारतो, त्याचा सूर सुटला का? पुष्कळदा गळा बरा असतो, पट्टीच उंच धरलेली असते.

पेटीवर काळी चार, काळी पाच धरून अभंग उचलायचा, ही आपल्याकडे शान झाली आहे. पंचविशीचा पोरगा तिथे पोचतो. नीरा डाव्या कालव्याची पाळी सांभाळून, उसाला पाणी देऊन आलेला साठीचा बाबा कसा पोचणार? पहिला चरण तो ओरडून म्हणतो, दुसऱ्याला खोकतो, तिसऱ्याला नुसता टाळ वाजवतो. त्यात ध्वनिक्षेपक गाणाऱ्याच्याच तोंडाशी. घटकाभरात गाणारे तिघे उरतात आणि बाकीचे मंडळ श्रोते होऊन बसते. यात बेसूर कोण, ते मला कोणी सांगावे.

बारामतीला मोरोपंत राहिले, १७९४ साली तिथेच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या आर्या कीर्तनकारांनी गावोगाव नेल्या. मीही आवडीने म्हणतो. पण आर्या एकाने म्हणावी, इतरांनी ऐकावी. अभंगाची ठेवणच निराळी. चरण आखूड, ध्रुपद घोळवता येणारे, यमकाची चाहूल लागताच पुढचा शब्द आपोआप ओठांवर येतो. न शिकलेल्यालाही तो दोनदा ऐकून म्हणता येतो.

तुकोबारायांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी करीत इंदापूरला येते. त्या वाटेवर कान देऊन ऐका. दिंडीतला जाणता गाणारा मागच्या ओळीचे ध्रुपद आले की नाही ते ऐकतो, मगच पुढचा चरण घेतो.

मंडळांनी निदान हरिपाठ तरी काळी एक-दोनमध्ये धरावा. ज्याला सूर सापडत नाही त्याला जाणत्याच्या शेजारी उभे करावे. त्याने हळू म्हणावे, पण म्हणावे. भजनस्पर्धांचे शास्त्र वेगळे, तिथे परीक्षक बसलेले असतात. त्याविषयी पुन्हा केव्हातरी.